मोआना येणार म्हणून थांबलेली ट्रिप

हे प्रकरण काय आहे

अमेरिकेतल्या एका मराठी कुटुंबाच्या फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या ट्रिपची ही गोष्ट. ट्रिप एका अंदाजावर विसंबून पुढे ढकलली गेली, मग परत ढकलली गेली, आणि शेवटी झाली ती भलत्याच कारणासाठी. नावं, राज्य देत नाही आणि घरातले एकदोन तपशील बदललेत, पण पार्कमध्ये जे घडलं ते आणि त्याच्या तारखा तशाच ठेवल्यात. मला हे सगळं जवळून माहिती आहे कारण ओळखीतले लोक फ्लोरिडाला निघाले की मला फोन करतात, आणि या घरातून तीन वर्षांत बरेच फोन आले.

पार्श्वभूमी

आईबाबा दोघं नोकरी करणारे. मोठा मुलगा २०२२ मध्ये आठ वर्षांचा, डायनोसॉर म्हणजे जीव की प्राण. धाकटी दोन वर्षांची, घरात दिवसरात्र डिस्नेचा मोआना सिनेमा चालू. २०२२ च्या डिसेंबरची ट्रिप ठरलेली, हॉटेल थेट डिस्नेकडूनच घेतलेलं म्हणजे वेळेत कॅन्सल केलं तर पैसे परत मिळणार, हे लक्षात ठेवा कारण पुढे त्याचा संबंध आहे. शिवाय डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, त्यामुळे धाकटीला फुकटात न्यायची ती शेवटची संधी होती असं आईचं म्हणणं.

मुलासाठी मुख्य आकर्षण डिस्ने वर्ल्डमधलं ॲनिमल किंगडम. हे पार्क २२ एप्रिल १९९८ ला उघडलं आणि तेव्हापासून त्यात डायनोलँड यूएसए नावाचा भाग होता. तिथली मोठी राईड म्हणजे डायनोसॉर. आधी तिचं नाव काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन होतं, २००० मध्ये डायनोसॉर नावाचा सिनेमा आला तेव्हा बदललं. उल्का पडायच्या जरा आधीच्या काळात गाडी जायची, एक इग्वानोडॉन घेऊन यायचा असायचा, आणि मधे अंधारात कार्नोटॉरस अंगावर यायचा. उंचीची अट ४० इंच.

बाकी डायनोलँडची अवस्था मात्र यथातथाच. २००१ आणि २००२ मध्ये तिथे रस्त्याकडेच्या जत्रेसारखा एक भाग टाकलेला, चेस्टर अँड हेस्टर्स डायनोरामा. कथेनुसार तो मुद्दामच स्वस्त आणि भडक दिसायला हवा होता, पण तो खरंच पार्किंगमध्ये मांडलेल्या जत्रेसारखा दिसायचा, आणि ज्याला ती मागची कथा माहिती नाही त्याला फक्त पार्किंगच दिसायचं. त्यातला प्रायमिव्हल व्हर्ल नावाचा रोलरकोस्टर २०२० मध्ये कायमचा बंद झाल्याचं सांगण्यात आलं. म्हणजे जागा आहे, अर्धी मेलेली आहे, आणि डिस्नेकडे सिनेमे भरपूर आहेत. असं असल्यावर फॅन लोक गप्प बसतील होय?

अडचण कुठे सुरू झाली

११ सप्टेंबर २०२२. कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नेचं फॅन लोकांसाठीचं डी२३ एक्स्पो चालू होतं. पार्क विभागाचे तेव्हाचे प्रमुख जॉश डिमारो स्टेजवर आले आणि त्यांनी काही चित्रं दाखवली. डायनोलँडच्या जागी मोआना आणि झूटोपिया (डिस्नेचाच बोलत्या प्राण्यांचा सिनेमा) आणता येईल का यावर विचार चाललाय, असा एकंदर सूर. हे सगळं अगदी सुरुवातीचं आहे, काय करता येईल ते फक्त चाचपून बघतोय, हे तिथेच सांगितलेलं. उघडायची तारीख नाही, वर्ष नाही, बांधकाम कधी सुरू तेही नाही.

पण चित्र सुंदर होतं. आणि सुंदर चित्र एकदा बघितलं की त्याच्या आधी काय बोलले ते कोण लक्षात ठेवतं. दोन दिवसांत सगळीकडे 'मोआना लँड येतंय' असंच चालू झालं, काही जणांनी तर त्यात कुठली राईड कुठे असेल याचे नकाशेही काढले. ते नकाशे बाबांपर्यंत पोचले आणि बाबांनी मनातल्या मनात हिशोब केला: दोन वर्षं. तोवर धाकटी चार वर्षांची होईल, उंची ४० इंचाच्या आसपास जाईल, तिला मोआना मिळेल, आणि एकाच ट्रिपमध्ये सगळं होईल.

दोन वर्षं हा आकडा कुठून आला असं मी विचारलं तर बाबा म्हणाला, 'अरे डिस्ने आहे, त्यांना काय कमी आहे.'

समोर काय काय पर्याय होते

एक तर ठरलंय तसं डिसेंबरमध्ये जायचं. आईचा कल इकडे. तिचा प्रश्न सरळ होता, 'तारीख सांगितली का त्यांनी? नाही ना? मग कॅन्सल कशाला करतोयस?' मुलगा आठ वर्षांचा आहे, डायनोसॉरचं वेड किती दिवस टिकेल सांगता येत नाही, शिवाय धाकटीचं तिकीट वाचतंय.

दुसरा पर्याय थांबायचा. मोआना आली की जायचं, तेव्हा दोघांनाही नीट मजा येईल. दर दोन वर्षांनी जाण्याइतके पैसे आणि सुट्ट्या त्यांच्याकडे नव्हत्या, म्हणून एकच ट्रिप पण बेस्ट करायची हा बाबांचा विचार, आणि तो काही वेडगळ नव्हता.

तिसरा पर्याय मी सुचवलेला: ट्रिप पुढच्या वसंतात न्या, पण मोआनाच्या भरवशावर नको. तो दोघांनाही आवडला नाही, कारण त्यात कोणाचंच म्हणणं पूर्ण होत नव्हतं.

या टप्प्यावर एक गोष्ट कोणीच बघितली नाही, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणात हीच सगळ्यात महत्त्वाची होती. जाहीर झाल्यापासून उघडेपर्यंत डिस्नेला आधी किती वेळ लागलाय? त्याच पार्कमधलं पँडोरा, अवतार सिनेमाचं, सप्टेंबर २०११ ला जाहीर झालं आणि २७ मे २०१७ ला उघडलं. फ्लोरिडातलं स्टार वॉर्सचं गॅलेक्सीज एज ऑगस्ट २०१५ ते ऑगस्ट २०१९. टॉय स्टोरी लँड त्या मानाने छोटं, तरी ऑगस्ट २०१५ ला सांगितलं आणि जून २०१८ ला उघडलं. शांघायचं झूटोपिया लँड जानेवारी २०१९ ते डिसेंबर २०२३ (हे अर्थात नंतर कळलं). म्हणजे पक्कं जाहीर झाल्यावरसुद्धा जवळपास तीन ते पावणेसहा वर्षं. इथे तर जाहीरही झालेलं नव्हतं. दोन वर्षं हा आकडा त्या दिवशीसुद्धा अशक्यच होता, आणि ते कळायला आतल्या गोटातली माहिती लागत नव्हती.

पहिला निर्णय

बाबांनी डिसेंबरची ट्रिप कॅन्सल केली. पैसे पूर्ण परत. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण बुकिंग फुकटात मोडता येत होतं म्हणूनच हा निर्णय इतक्या पटकन झाला. दोनशे डॉलर जरी बुडणार असते तरी त्या घरात आठवडाभर चर्चा झाली असती आणि कदाचित ते गेले असते. सोय म्हणून घेतलेली गोष्ट अफवेच्या पथ्यावर पडली.

आणखी एक. मोआना तेव्हा खरंच येत होती, फक्त भलत्या पार्कमध्ये. डिस्ने वर्ल्डमधल्याच एपकॉट पार्कमधली जर्नी ऑफ वॉटर ही मोआनावर बेतलेली पायवाट २०१९ मध्येच जाहीर झालेली आणि बाबा ट्रिप कॅन्सल करत होते तेव्हा तिचं काम चालू होतं. ती १६ ऑक्टोबर २०२३ ला उघडली. पण ती राईड नाही, नुसतं पाण्यातून चालायचं खेळायचं, म्हणून फॅन मंडळींच्या गप्पांत तिला फार भाव नव्हता, आणि बाबांपर्यंत ती पोचलीच नाही. दोन वर्षांच्या मुलीला राईडपेक्षा तेच आवडलं असतं हा भाग वेगळा.

मग मोआनाच गेली

सप्टेंबर २०२३. यावेळी कार्यक्रम फ्लोरिडातच होता आणि डायनोलँडच्या जागेबद्दल पुन्हा बोलणं झालं, पण आता सिनेमांची नावं बदललेली: एन्कँटो आणि इंडियाना जोन्स. मोआनाचा उल्लेख नाही. झूटोपिया ॲनिमल किंगडममधल्या ट्री ऑफ लाइफ या भल्यामोठ्या कृत्रिम झाडाच्या आतल्या थिएटरमध्ये शो म्हणून जाणार, म्हणजे लँड तर नाहीच.

बाबांचा त्या रात्री फोन आला. चिडलेला. 'असं कसं बदलू शकतात?' बदलू शकतात कारण त्यांनी काही कबूलच केलेलं नव्हतं, पण चिडलेल्या माणसाला हे सांगण्यात अर्थ नसतो.

इथे दुसरा निर्णय यायला हवा होता, आणि आला नाही. म्हणजे खरं तर आता परत पहिल्यापासून विचार करायचा, की ज्यासाठी थांबलो ते गेलंय, मग लगेच जाऊया का? पण वर्षभर थांबल्यावर 'आता थांबलोच आहोत तर नवीन काय येतंय ते बघू' असं होतं. मोआनासाठीचं थांबणं आपोआप एन्कँटोसाठीचं थांबणं झालं. धाकटी आता तीनची होती, तिकीट लागायला लागलेलं, आणि ती एन्कँटोची गाणी म्हणत होती, त्यामुळे बाबांना ते नशीबच वाटलं.

फॅन लोकांचं गणित कुठे बरोबर आलं

सगळ्या अंदाजांना एकाच तराजूत घालणं बरोबर नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

इंडियाना जोन्सचा अंदाज खूप जुना. कारण भक्कम होतं: डायनोसॉर राईडची गाडी आणि ट्रॅकची रचना कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या इंडियाना जोन्स राईडसारखीच, तीच सिस्टीम, ती तिकडे १९९५ मध्ये आलेली. म्हणजे इमारत आहे, ट्रॅक आहे, गाड्या आहेत, फक्त आतली सजावट आणि कथा बदलायची. लोक हे वर्षानुवर्षं बोलत होते आणि शेवटी तसंच ठरलं. हा अंदाज लोखंडावर उभा होता, चित्रावर नाही.

मोआना आणि झूटोपियाचा अंदाज याच्या उलट. तो चित्रावर उभा होता, आणि त्याच्या विरुद्धच्या गोष्टी समोर दिसत होत्या. मोआना एपकॉटमध्ये बांधली जात होती. झूटोपियाचं अख्खं लँड शांघायला होत होतं, त्यामुळे काहींना वाटलं तेच इकडे आणतील, पण या पार्कमध्ये खरे प्राणी आहेत, खऱ्या सिंहाच्या शेजारी सूट घातलेला कोल्हा कसा दिसेल हा आक्षेप फॅन मंडळींतच जोरात होता. एन्कँटो बसतं कारण त्यातल्या अँटोनिओला प्राण्यांशी बोलता येतं.

अजून एक अंदाज दरवेळी कोणीतरी काढतंच, मार्व्हल. फ्लोरिडात ते अवघड आहे कारण युनिव्हर्सल या प्रतिस्पर्धी कंपनीकडे १९९४ च्या करारापासून मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचे मार्व्हलचे पार्कचे हक्क आहेत आणि तिच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर पार्कमध्ये हल्क वगैरे उभे आहेत. हा करार सगळ्यांना माहिती आहे तरी दर वर्षी हा अंदाज नव्याने जन्माला येतो. तसंच ॲनिमल किंगडमच्या लोगोत ड्रॅगन आहे, काल्पनिक प्राण्यांच्या ज्या बीस्टली किंगडमसाठी तो होता ते कधी बांधलंच नाही, आणि त्याची वाट बघणारे लोक पँडोरा उघडेपर्यंत होते. काही अजूनही आहेत.

या घरापुरता मुद्दा असा: 'काय' येणार याचे फॅन लोकांचे अंदाज बरेचदा चांगले असतात, ती मंडळी ट्रॅक मोजतात, पाण्याच्या निचऱ्याच्या परवानग्यांसाठी सरकारकडे गेलेले नकाशे शोधून वाचतात, खरंच अभ्यास असतो. 'कधी' येणार याचे अंदाज मात्र जवळपास बिनकामाचे, कारण ते पैशांवर ठरतं आणि पैशांचा निर्णय परवानगीच्या नकाशात दिसत नाही. आणि चार माणसांची ट्रिप ठरवायला 'काय' पेक्षा 'कधी' जास्त लागतं. बाबा चुकीच्या प्रश्नाचं उत्तर गोळा करत बसला होता.

पक्कं जाहीर झालं तेव्हा

ऑगस्ट २०२४, पुन्हा ॲनाहाइम. आता ठाम: ट्रॉपिकल अमेरिकाज, ११ एकर, एन्कँटोची राईड, इंडियाना जोन्सची राईड माया मंदिरात, लाकडी प्राण्यांचं कॅरोसेल, आणि वर्ष २०२७. डायनोलँड टप्प्याटप्प्याने बंद. वर्ष संपायच्या आत कळलं की डायनोरामाचा भाग जानेवारी २०२५ मध्येच जाणार, डायनोसॉर राईड मात्र अजून काही महिने चालेल.

यावेळी फोन आईचा. आणि तिने प्रश्न उलटा करून टाकला: 'नवीन काय येणार ते जाऊ दे. जुनं कधी बंद होतंय ते सांग.'

हा या प्रकरणातला खरा वळणाचा क्षण. कारण उघडण्याचं नुसतं वर्ष सांगतात आणि तेही सरकतं, पण बंद होण्याची तारीख दिवसासकट सांगतात आणि सहसा पाळतात. दोन वर्षं हे घर उघडण्याच्या मागे होतं, बंद होण्याकडे कोणी बघितलंच नव्हतं, आणि ज्या मुलाला डायनोसॉर बघायचा होता तो दरम्यान दहा वर्षांचा झालेला.

आता पर्याय तीन. २०२४ च्या डिसेंबरमध्ये पळत जायचं, म्हणजे डायनोरामासकट सगळं मिळेल पण नाताळची गर्दी आणि तोंडावर आलेले विमानाचे दर. २०२७ ची वाट बघायची, म्हणजे मुलगा तेरा वर्षांचा आणि डायनोसॉर गेलेला. किंवा २०२५ मध्ये कधीतरी, डायनोसॉर बंद व्हायच्या आत. बाबा अजूनही २०२७ म्हणत होता. आईने ऐकलं नाही.

मी एकच सांगितलं की यावेळी असं बुकिंग करा जे मोडवणार नाही. त्यांनी टाइमशेअरवाल्या (म्हणजे हॉटेलमधल्या मुक्कामाचे पॉइंट आधीच विकत घेऊन ठेवलेल्या) एका मेंबरचे पॉइंट भाड्याने घेतले, रूम स्वस्त पडली, आणि अटीतच होतं की कॅन्सल केलं तर पैसे बुडाले. त्यानंतर बाबाने दोनदा 'थांबूया का' असं काढलं आणि दोन्ही वेळा आईने फक्त पावती दाखवली.

काय झालं

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या आठवड्यात ते गेले. झूटोपियाचा शो नुकताच ७ नोव्हेंबरला सुरू झालेला, तो मिळाला. डायनोरामा नव्हता, तिथे कुंपण आणि क्रेन.

डायनोसॉर राईड मिळाली. मुलगा आता अकराचा, डायनोसॉरचं वेड ओसरून क्रिकेट आणि गेमिंगवर गेलेलं, 'ठीक होती' म्हणाला. आईला ते जरा लागलं. धाकटी पाच वर्षांची, ४० इंचांच्या वर, हट्टाने बसली, कार्नोटॉरस आला तेव्हा किंचाळली आणि बाहेर येऊन म्हणाली परत जायचं. नंतरच्या दोन दिवसांत ते त्या राईडवर परत परत गेले, सगळं तिच्यामुळे. जिच्यासाठी ही राईड सोडून मोआनाची वाट बघितली तिलाच ती सगळ्यात आवडली.

मोआना एपकॉटमध्ये भेटली. धाकटी पूर्ण भिजली, बदलायला कपडे नव्हते, ते विकत घ्यावे लागले, आणि दुकानातलं बिल बघून बाबाचा चेहरा बघण्यासारखा झाला म्हणे. डायनोसॉर राईड २०२६ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला कायमची बंद झाली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, २०२२ मध्ये जुन्या लँडना किती वर्षं लागली हे पंधरा मिनिटं बसून बघितलं असतं तर थांबायचा प्रश्नच उरला नसता. थांबायला हरकत नाही, पण पाच वर्षं थांबतोय हे माहिती असून थांबायला हवं.

दुसरं, ऐकलेली प्रत्येक गोष्ट कुठल्या पायरीवर आहे ते लिहून ठेवायचं. नुसतं बोलले, पक्कं जाहीर केलं, की खणायला सुरुवात झाली. २०२२ चं मोआना पहिल्या पायरीवर होतं आणि या घरात ते तिसऱ्या पायरीवर असल्यासारखं वागले. मी आता कोणाचा फोन आला की आधी हेच विचारते.

तिसरं, २०२३ मध्ये मोआना गेल्यावर थांबण्याचं कारण संपलं होतं, तेव्हा मुद्दाम बसून नव्याने ठरवायला हवं होतं. तो निर्णय घेतला असता तर मुलगा नऊ वर्षांचा असताना डायनोसॉर बघून आला असता, डायनोरामासकट, भडक का असेना.

पैशांचं म्हणाल तर नुकसान फार नाही, धाकटीचं तिकीट लागलं तेवढंच, आणि दर वाढले ते. यावर आईचं माझं एकमत नाही. मला वाटतं २०२२ लाच जायला हवं होतं. ती म्हणते तेव्हा धाकटी दोन वर्षांची होती, तिला काहीच आठवलं नसतं आणि तिला राईडवर घेतलंही नसतं, त्यामुळे चुकीच्या कारणासाठी थांबलो पण एका मुलाचं गेलं ते दुसरीला मिळालं. मुलाला विचारलं तर त्याला इंडियाना जोन्स कधी उघडतंय ते हवंय, आणि बाबाकडे त्याचे अंदाज तयार आहेत. आईने सांगितलंय की डिस्नेने दिवस आणि महिना सांगेपर्यंत घरात हा विषय काढायचा नाही.